कुवेतची धूळ: झाडांचं, कुंडीतल्या मातीचं आणि घराचं नेमकं काय होतं

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत लिहितो. कुवेतमधल्या मंगाफला पहिल्या मजल्यावर घर, बाल्कनीत तुळस, कढीपत्ता, मोगरा आणि जास्वंद. मे महिन्यात लागोपाठ दोनदा धूळ आली, नंतर पानांच्या कडा करपल्या, कढीपत्त्याची नवीन पानं पिवळी यायला लागली, कुंडीत मातीवर पांढरा थर दिसतोय. बिल्डिंगचा हारिस (रखवालदार) चांगला आहे, तो खालच्या बागेच्या पाईपने झाडं धुऊन देतो, रोज पाणी पण घालतो. शेजारचे म्हणतात वाळवंटाची धूळ म्हणजे खतच, राहू दे. आणि मुलाचा खोकला हटत नाहीये.

मी इथे नर्सरी आणि लँडस्केपिंगच्या लाइनमध्ये बरीच वर्षं आहे, सुरुवातीला वफ्राच्या शेतांवर होतो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: धूळ पडली म्हणून झाड मरत नाही. धूळ पानावर किती दिवस बसून राहिली आणि ती धुवायला कुठलं पाणी वापरलं, सगळा खेळ यावर आहे. तुमच्या केसमध्ये मला धुळीपेक्षा त्या पाईपमधल्या पाण्याचा जास्त संशय आहे, ते पुढे येतंच.

आधी ही धूळ आहे काय ते बघू. वाळू आणि धूळ वेगळी. वाळूचा कण जड, तो वाऱ्याने फार वर जात नाही, जमिनीलगत उड्या मारत पुढे सरकतो, पण प्रत्येक उडीत खाली आपटताना जमिनीतली बारीक माती मोकळी करतो, आणि ती बारीक माती मात्र किलोमीटरभर उंच चढते आणि शेकडो किलोमीटर जाते. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली तर लांबचा प्रवास करणारे बहुतेक कण २० मायक्रॉनच्याही खालचे असतात. कुवेतमध्ये येणारी बरीचशी धूळ शमाल वाऱ्याबरोबर वायव्येकडून, म्हणजे दक्षिण इराकच्या तैग्रिस-युफ्रेटिसच्या सपाट गाळाच्या जमिनीतून येते. तिथल्या दलदली १९९० च्या दशकात मुद्दाम कोरड्या पाडल्या होत्या, २००३ नंतर काही भागात पाणी परत आलं पण सगळीकडे नाही. नदीचा गाळ आधीच बारीक, त्यात कोरडा आणि उघडा, मग वाऱ्याला अजून काय पाहिजे.

या गाळात चुना भरपूर. घरी बघायचं असेल तर एसीच्या फिल्टरवरची धूळ चमचाभर बशीत घ्या आणि त्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाका, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते आणि बारीक बुडबुडे दिसतात. तो चुना आहे. बाकी त्यात क्वार्ट्झचे धारदार कण, चिकणमाती, थोडं जिप्सम आणि मीठ. म्हणूनच गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की काचेवर आणि पेंटवर ओरखडे येतात, आणि पानांवरची कोरडी धूळ फडक्याने घासली तर पानावरचा मेणासारखा थर जातो. बरीच माणसं प्रेमाने एकेक पान पुसत बसतात, कृपा करून ते करू नका.

पानाचं काय होतं? सगळे सांगतात की धुळीने पानाची छिद्रं बुजतात आणि झाड गुदमरतं. ते अर्धंच खरं आहे, कारण बऱ्याच झाडांची बहुतेक छिद्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात आणि धूळ बसते वर. खरं नुकसान असं की वरच्या थरामुळे उजेड कमी पोचतो, पान जास्त तापतं, आणि जून-जुलैत जिथे सावलीतलं तापमान ४८-५० ला जातं तिथे पानाला अजून दोन-तीन अंश सोसत नाहीत. (इथल्या मित्रिबाला २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंश नोंदलं गेलंय, जागतिक हवामान संघटनेने ते मान्य केलंय, म्हणजे आपण कुठल्या हवेत मोगरा लावतोय हे लक्षात ठेवा.) आणि दुसरं म्हणजे मीठ. किनाऱ्याजवळ रात्री दमटपणा आला की धुळीतलं मीठ ओल धरतं, सकाळी ऊन लागलं की तीच ओल खारट होऊन पानाच्या टोकाला आणि कडेला सुकते. कडा करपतात त्या अशा. तुळशीचं पान लवदार, त्यावर धूळ जास्त अडकते, कढीपत्त्याचं गुळगुळीत त्यामुळे तो लवकर मोकळा होतो. तुळस आधी धुवा.

धुवायचं कसं ते नीट सांगतो कारण इथेच सगळे घाई करतात. वारा चालू असताना अजिबात पाणी मारू नका, ओल्या पानावर धूळ दुप्पट चिकटते आणि तिचा चिखल होतो. वारा पडू द्या. मग फांदी हाताने हलकेच झटका, जेवढी कोरडी निघेल तेवढी काढा. मग पहाटे, सूर्य वर यायच्या आत (इथे मे-जूनमध्ये पाचच्या आधीच उजाडतं) स्वयंपाकघराच्या नळाचं पाणी बारीक शॉवरने आधी पानांच्या खालून आणि मग वरून मारा. कुंडीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधून कुंडी तिरकी धरा म्हणजे ते गढूळ पाणी मातीत न जाता बाहेर पडेल. ही पिशवीची गोष्ट छोटी वाटते पण तिने फार फरक पडतो, नाहीतर पानावरचा चुना आणि मीठ आपण स्वतःच्या हाताने मुळाशी पोचवतो. दुपारी धुऊ नका. उन्हात पाईपमधलं पाणीच हात भाजेल इतकं गरम असतं. आणि धूळ पडल्यापासून दोन दिवसांच्या आत धुवा, आठवडाभर राहिली तर रात्रीच्या ओलीने तिचा पापुद्रा धरतो आणि मग तो निघता निघत नाही.

आता पाणी. कुवेतमध्ये पाण्याच्या दोन लाइनी असतात. एक गोडं पाणी, समुद्राचं पाणी शुद्ध करून आलेलं, जे घरात येतं. दुसरं जमिनीतलं मचूळ पाणी, ज्याला इथली माणसं सुलैबी म्हणतात, ते बागेला आणि अंगण धुवायला वापरतात. तुमच्या हारिसचा खालचा नळ बहुतेक करून सुलैबीचा आहे, त्याला विचारून घ्या, नाहीतर बोटावर घेऊन जिभेला लावून बघा, लगेच कळेल. या पाण्यावर खजूर जगतो, कोनोकार्पस, कण्हेर जगतात, बोगनवेलपण तग धरते, पण मोगरा आणि कढीपत्ता नाही. पानावर मारलं तर कडा करपतात आणि कुंडीत घातलं तर पाणी उडून जातं आणि मीठ वर येऊन बसतं. तो पांढरा थर तोच. धूळ आणि सुलैबी पाणी दोन्ही एकत्र आले की वरची माती सिमेंटसारखी घट्ट होते, पाणी घातलं की वरून वाहून कडेने खाली जातं, बशीत पाणी दिसतं म्हणून आपल्याला वाटतं झाड पाणी प्यायलं आणि आत मुळं कोरडी.

उपाय साधा आहे. वरची अर्धा-पाऊण इंच माती खुरप्याने काढून टाका, बाकीची हलकेच मोकळी करा, मुळांना धक्का न लावता. मग कुंडीच्या मापाच्या दुप्पट गोडं पाणी संध्याकाळी हळूहळू, थांबत थांबत घाला आणि खालून सगळं निथळू द्या, बशी काढून ठेवा. १० लिटरची कुंडी असेल तर २० लिटर. हे एकदा करा, पंधरा-वीस दिवसांनी परत एकदा. नंतर मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा सालींचा दोन इंच थर द्या, म्हणजे पुढची धूळ त्याच्यावर पडेल आणि तो थर उचलून झटकता येईल. एसीच्या ड्रेन पाईपचं पाणी बादलीत धरत असाल तर तेही चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, फक्त एसीची केमिकलने सफाई झाल्यावर एक-दोन दिवसांचं पाणी सोडून द्या.

कढीपत्त्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असंच आहे ना? मग ती लोहाची कमतरता. मातीत लोह नसतं असं नाही, चुन्यामुळे मातीचा पीएच आठच्या वर गेला की ते लोह मुळांना उचलता येत नाही. बरेच जण ताक घालतात, व्हिनेगर घालतात, लिंबाची सालं पुरतात. गावाकडे ताकाने फरक पडलेला असेल, पण इथे मातीत इतका चुना की ते आंबट सगळं चुन्यावरच खर्च होतं आणि दोन दिवसांत पीएच होता तिथे. वरून ताकाचा वास आणि चिलटं. त्यापेक्षा अल-राईच्या नर्सऱ्यांमध्ये चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता यावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, मिळतं ते आणा, पण पाकिटावर त्या रसायनाचं नाव ईडीडीएचए लिहिलंय का ते बघूनच घ्या. ईडीटीए वालं स्वस्त असतं, पण ते इथल्या पीएचला टिकत नाही, पैसे वाया. ईडीडीएचएची पावडर गडद लालसर असते, १० लिटरच्या कुंडीला साधारण १ ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवून संध्याकाळी मातीत द्या, पानावर फवारू नका कारण उजेडात ते लवकर बिघडतं. जुनी पिवळी पानं हिरवी होतीलच असं नाही, नवीन फूट कशी येते ते बघायचं.

धूळ म्हणजे खत, हे शेजाऱ्यांनी कुठून ऐकलं ते मला माहितीये, आणि ती गोष्ट खोटी नाही. आफ्रिकेत चाडमधल्या बोदेले नावाच्या खोलगट भागातून, जिथे पूर्वी मोठं सरोवर होतं, सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून थेट अमेझॉनच्या जंगलात पडते. नासाच्या उपग्रहाच्या मोजणीतून असा अंदाज आला की वर्षाला सरासरी २.७७ कोटी टन धूळ तिथे पोचते आणि तिच्यात सुमारे २२ हजार टन फॉस्फरस असतो, पावसाने जेवढा फॉस्फरस वाहून जातो जवळपास तेवढाच. ऐकायला प्रचंड वाटतं. पण तो पसरतो एवढ्या मोठ्या क्षेत्रावर की हेक्टरी वर्षाला वीस-पंचवीस ग्रॅम हिशेब पडतो. जंगलाला तो हजारो वर्षं मिळत राहतो, पडणारं पान तिथेच कुजतं, मुसळधार पाऊस असतो, म्हणून त्याला अर्थ आहे. तुमच्या कुंडीला एका वादळात जे पोषण मिळेल ते चिमूटभर शेणखतापेक्षाही कमी, आणि बरोबर येणारा चुना आणि मीठ मात्र लगेच जाणवणारं. कुवेतमध्ये वर्षाला सव्वाशे मिलिमीटरच्या आत पाऊस, धुऊन नेणारं काहीच नाही. तेव्हा राहू देऊ नका.

धुळीनंतर पंधरा दिवसांनी अजून एक संकट येतं ते म्हणजे लाल कोळी, पानाचा रस शोषणारी बारीक कीड. कोरडी हवा आणि धुळीची पानं त्याला फार मानवतात, आणि कोळ्याला खाणारे जे मित्रकीटक असतात त्यांना धुळीत नीट फिरता येत नाही. जास्वंदीच्या पानावर बारीक पिवळे ठिपके दिसले की पान पांढऱ्या कागदावर झटका, हलणारे ठिपके दिसले तर तोच. खजुराच्या बागांमध्ये तर हा मोठाच ताप. तिथला कोळी हिरव्या कच्च्या फळांच्या घोसावर जाळं विणतो, त्या जाळ्यात धूळ अडकते आणि अख्खा घोस मातकट राखाडी होतो, फळाची साल खरबरीत होऊन तडकते, अशा खजुराला भाव येत नाही. वफ्रा आणि अब्दलीच्या शेतांवर त्यासाठी गंधकाची पावडर मारतात आणि घोस धुतात. तुम्हाला गंधकाची गरज नाही, आणि एवढ्या उन्हात गंधकाने पान भाजतं पण. आठवड्यातून दोनदा पानाखालून जोरात पाण्याचा फवारा मारलात तरी कोळी आटोक्यात राहतो.

बाल्कनीला आडोसा करायचा असेल तर प्लास्टिकची ताडपत्री लावू नका, त्यावरून वारा उसळून आत भोवरा करतो आणि धूळ नेमकी आत टाकतो. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा, वायव्येच्या बाजूला, वारा तिच्यातून गाळून हळू होतो. शेतांवर अथल आणि कोनोकार्पसच्या झाडांच्या रांगा लावतात ते याच कारणाने. आणि एक बघून घ्या, एसीचं बाहेरचं युनिट कुठल्या कुंडीवर गरम हवा फेकतंय का. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मोगऱ्याच्या एकाच बाजूची पानं करपलेली दिसतायत, मला तरी ते एसीचं काम वाटतंय.

मुलाच्या खोकल्याबद्दल मी डॉक्टर नाही, त्याला दाखवाच, आणि इनहेलर दिला असेल तर धुळीच्या दिवशी तो कधी-कसा घ्यायचा ते आधीच विचारून ठेवा. घरातलं मात्र सांगू शकतो. धूळ यायच्या आधी स्प्लिट एसीचे फिल्टर धुऊन ठेवा आणि धूळ गेल्यावर परत धुवा, उन्हाळ्यात एरवीही दर दोन आठवड्यांनी. खिडकीच्या स्लायडिंगच्या फटीला फोमची पट्टी, दाराच्या खाली ओला टॉवेल. वादळ गेल्या गेल्या कोरडा झाडू मारू नका, सगळ्यात बारीक आणि छातीत खोल जाणारी धूळ त्यानेच परत हवेत उडते, आधी ओल्या फडक्याने टेबलं-खिडक्या, मग ओला पोछा, आणि त्या वेळी मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवा. कुंड्या धुवायचं कामही तो शाळेत असताना करा. बाहेर जायचंच असेल तर एन ९५ मास्क, साध्या कापडी मास्कने किंवा रुमालाने बारीक कण अडत नाहीत. गाडीत एसी आतल्या हवेवर ठेवा. इथल्या आपल्या बायका गच्चीवर पापड-कुरडयांचं वाळवण घालतात, त्यांना मी नेहमी सांगतो की मार्चच्या आधी उरका, कारण मार्च ते मे सरायातचे, म्हणजे अचानक येणाऱ्या वादळांचे दिवस, आभाळ निळं असतं आणि तासाभरात धुळीची भिंत येते. २५ मार्च २०११ ला तशीच आली होती, संध्याकाळच्या आधीच अंधार झाला, ज्यांनी पाहिली ते विसरलेले नाहीत. २०२२ च्या मे महिन्यात तर आठवड्याच्या अंतराने दोनदा एअरपोर्टवरची विमानं थांबवायला लागली.

हे सगळं कुंडीपुरतं झालं, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुवेतची सगळीच धूळ बाहेरची नाही. इथल्या वाळवंटाच्या वर खड्यांचा आणि पातळ कडक पापुद्र्याचा एक थर असतो, तो खालची बारीक माती धरून ठेवतो. १९९१ च्या युद्धात रणगाड्यांनी आणि खंदकांनी तो मैलोन् मैल फोडला. अजूनही नोव्हेंबर ते मार्चच्या कॅम्पिंगच्या दिवसांत बग्ग्या आणि जीप त्यावरून फिरतात, मेंढ्या-उंट चरून चरून अरफज संपत चाललंय. अरफज म्हणजे इथलं राष्ट्रीय फूल, गुडघ्याएवढं पिवळ्या फुलांचं झुडूप, त्याच्या बुडाशी वाळू अडून छोटा ढीग तयार होतो आणि ती वाळू मग उडत नाही. सबाह अल-अहमद अभयारण्यात कुंपणाच्या आत ते परत वाढलेलं दिसतं, बाहेर उघडी जमीन. तर हिवाळ्यात फॅमिली घेऊन वाळवंटात जाल तेव्हा आधी पडलेल्या चाकोरीतूनच गाडी न्या, नवीन चाकोरी पाडू नका. तो थर एकदा फुटला की परत तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत की हीच धूळ मुंबईपर्यंत जाते का. जाते. २०२२ च्या जानेवारीत, २३ तारखेच्या आसपास, कराचीकडून आलेल्या धुळीने मुंबई-पुण्यात गाड्यांवर पांढरट थर बसला होता, आणि अरबस्तानची धूळही उन्हाळ्यात अरबी समुद्रावर पसरतेच. पण कोकणातली लाल माती आधीच आम्लधर्मी, तिथे एवढ्याशा चुन्याने काही बिघडत नाही आणि जूनमध्ये पाऊस सगळं धुऊन नेतो. त्यामुळे गावी आईंच्या कढीपत्त्याची काळजी सोडा.

आता ऑगस्टपर्यंत कुंड्या बदलू नका आणि करपलेली पानं कापू नका, दिसायला वाईट असली तरी ती खालच्या कोवळ्या फुटीला सावली देतात. इथे लोक २४ ऑगस्टपासून सुहैल धरतात, आपला अगस्त्य तारा, प्रत्यक्ष दिसायला कुवेतमध्ये सप्टेंबर उजाडतो, आणि त्यानंतर रात्री हळूहळू निवायला लागतात. सप्टेंबर संपताना रात्रीचं तापमान तिशीच्या खाली गेलं की मग कढीपत्ता आणि मोगरा वरून एक तृतीयांश छाटा, आणि माती बदला: अर्धी स्वीट सँड (मीठ नसलेली वाळू), उरलेल्यात पीट आणि चांगलं कुजलेलं कंपोस्ट समसमान. कोकोपीट वापरलंत तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. मेंढीचं ताजं खत स्वस्त मिळतं पण तेही खारट, ते घेऊ नका. आणि हारिसला आजच सांगा की पाईप तुमच्या कुंड्यांना लावायचा नाही.